दाढीच्या मशीनची बॅटरी बदलली त्याबद्दल

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५ (कार्तिक वद्य पंचमी)

चि. रामेश्वर यास,

आशीर्वाद. थोरला असल्यामुळे ते द्यावे लागतात, मनापासून दिले आहेत असं समजू नकोस. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहिलं. दिपालीचं आणि मुलांचं कुशल मात्र खरोखर विचारतो. त्यांच्याशी माझं वैर नाही.

आता मुख्य तक्रार. आबांच्या दाढीच्या मशीनबरोबर जे प्लास्टिकचे कंगवे आले होते, त्यांतला तीन नंबरचा कंगवा भाऊबीजेच्या दिवशी तुझ्या सदऱ्याच्या खिशात बसून पुण्याला निघून गेला आहे. एक नंबर आहे, दोन नंबर आहे, चार नंबर तर कधी कोणी वापरलाच नाही. तीन नंबर गेला. हा कंगवा म्हणजे या घरातली एकमेव वस्तू, जिच्यामुळे आबांची दाढी दाढीसारखी दिसायची. तो मला पोस्टाने, नीट कापसात गुंडाळून, माफीच्या चिठ्ठीसह परत हवा आहे. चिठ्ठी शुद्ध मराठीत असावी.

हे फोनवर सांगितलं असतं, तर "हो दादा, पाठवतो दादा" म्हणून तू मोकळा झाला असतास. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, तर खाली तुझा तो पिवळा अंगठा उगवला असता. म्हणून पत्र. पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं, निदान वाचल्याचं सोंग तरी करावं लागतं.

पुढचा सगळा प्रकार तुझ्या डोळ्यांदेखत, किंबहुना तुझ्याच हातून घडला. तरीही आरोपीला आरोप वाचून दाखवायचा असतो, त्याशिवाय शिक्षा देता येत नाही.

तू सकाळी गाडीतून उतरलास. अजून बूटही काढले नव्हतेस, तेवढ्यात आबांकडं बघून तुझ्या वहिनीला म्हणालास, "काय वहिनी, आबांचा एकच गाल साफ? दादाचं लक्ष नाही वाटतं." शेजारच्या केसरबाई तेव्हा पायरीवर फराळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर. रामा, लक्षात ठेव, माझ्या रागाचं मूळ मिशीत नाही, या वाक्यात आहे.

एकच गाल साफ होता, कारण मशीनची बॅटरी बसली होती. मी तुला तेव्हाच सांगितलं, की ही बया रात्रभर चार्ज होते, हिरवा दिवा दाखवते आणि अर्ध्या वाटेत मान टाकते. म्हणून आम्ही आज डावा गाल, उद्या उजवा, अशी पद्धत बसवली आहे. आबांना त्याची सवय झाली होती. गल्लीलाही झाली होती. कोणता गाल आहे ते बघून केसरबाई वार सांगायच्या. आणि मिशीला मी मशीन कधीच लावत नाही, तिच्यासाठी कातर. हेही सांगितलं होतं.

तू म्हणालास, "दादा, तू अजून कातरीच्याच काळात."

आणि बसलास. दोन्ही गाल केलेस. बॅटरीने तेवढी साथ दिली, आणि यशाने माणूस चढतो तसा तू चढलास. "मिशीला जरा शेप देतो आबा." डाव्या टोकाशी मशीन बंद पडली, ती आबांचे केस दातात धरूनच. आबा "आगं आयव" म्हणाले. ते सोडवायला तू कंगवा काढून खिशात घातलास, मशीन चार्जिंगला लावलीस आणि मधल्या वेळात वहिनीच्या हातच्या करंज्या खाल्ल्यास. मग हिरवा दिवा लागला. तू कंगवा परत न लावता मशीन फिरवलीस, आणि आबांची अर्धी मिशी टॉवेलवर पडली. उरलेली अर्धी ठेवून कोणाला उपयोग नव्हता, म्हणून तीही गेली.

आबांनी वरच्या ओठावर तळहात फिरवला. मग उलट्या हाताने फिरवला. मेंढी कातरून झाली की अंगावरून असाच हात फिरवायचे, आठवतं? आरसा मागितला नाही. फक्त म्हणाले, "कोण गेलं?"

तू हसत म्हणालास, "कोणी नाय आबा, मशीनची बॅटरी गेली."

मी हसलो नाही. तू माझ्याकडं बघितलंस आणि मग तूही थांबलास. एवढ्यावर "वाळूजची गर्दी व्हायच्या आत निघतो" म्हणून तू गाडी काढलीस. आपण दोघे एकमेकांशी त्यावर एक अक्षर बोललो नाही, आणि अजूनही बोललेलो नाही. म्हणून या पत्रात ते शेवटी येईल असं समज. आधी सुडाचं बघू.

सूड मी त्याच दिवशी ठरवला.

पहिला हप्ता तुला मिळालाच आहे. दोन दिवसांत तू ऑनलाइन नवी मशीन पाठवलीस. खोकं एवढं मोठं, की आत वासरू असावं असं वाटलं. ती मी दारातूनच परत पाठवली. तुझ्या वहिनीने विचारलं, "अहो, चांगली नवी मशीन, परत का?" म्हटलं, ज्या हत्याराने गुन्हा झाला, त्याच हत्याराने न्याय होईल. ती म्हणाली, "तुमचा न्याय होईपर्यंत म्हाताऱ्याची दाढी छातीपर्यंत येईल." या घरात माझ्या बाजूने कोणी नाही हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

मग हत्यार दुरुस्त करायला निघालो. आधी एका चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या माणसाने मशीन हातातही न घेता सांगितलं, "सर, हिची बॅटरी बदलत नाहीत. ही संपली की नवीन घ्यायची असते." मला हे वाक्य फार लागलं. एखादी गोष्ट धरून ठेवायची ताकद कमी झाली की टाकूनच द्यायची, हा नियम कोणी केला? दुकानात मी हे बोललो नाही. तुझ्यावरचा राग तिथं खर्च करायचा नव्हता.

तिथून सरळ पैठण गेटला गयासकडं. गयास तुला ठाऊक आहेच, माझ्या वर्गातला, आपल्याकडं दर दिवाळीला चकल्या मोजून खाणारा. मोबाइल दुरुस्त करतो आणि मोबाइल नसलेलंही जे काही उघडतं ते दुरुस्त करतो. मला बघून म्हणाला, "आओ पंडत. आज कैसे? घरवालीने हाकललं का?"

म्हटलं, "हिची बॅटरी बदलायचीय. भावावर सूड घ्यायचाय."

"रामू पर? काय केलं त्यानं?"

"आबांची मिशी उडवली."

गयासने हातातला मोबाइल खाली ठेवला. "या अल्ला," म्हणाला. "मामूंची मिशी? वो तो मैं बचपन से देखरा. आमच्या अम्मी मला दटावायच्या, वो मूंछवाले मामू को बुलाती देख." मग म्हणाला, "पर बदला घ्यायचाय का बॅटरी बदलायचीय? एका दिवशी एकच काम कर. हात भाजतो."

मशीनला कुठंच स्क्रू दिसत नव्हता. गयासने नखाने मागचं स्टिकर सोललं, तर खाली स्क्रू. "जिथं लाज वाटते, तिथंच कंपनी आपलं नाव चिकटवते," तो म्हणाला. झाकण निघालं. आत मधोमध करंगळीएवढा सेल, दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्ट्या, आणि एका कडेने मीठ फुटल्यासारखं पांढरं आलेलं. आणि उरलेल्या सगळ्या जागेत केस. आबांचे. पांढरे, लोकरीसारखे दाटून बसलेले.

गयासने फुंकर मारायला तोंड पुढं नेलं आणि मी त्याचा खांदा धरला. त्याने माझ्याकडं बघितलं. ड्रॉवरमधून ब्रश काढून दिला आणि एक कागद दिला. मी केस कागदावर काढून पुडी बांधली. ती अजून माझ्या कपाटात आहे. अशा केसांचं काय करायचं असतं ते मला ठाऊक आहे. आयुष्यभर हेच शिकलो आणि शिकवलं. पण ते करायचं, तर कोणीतरी गेलंय हे कबूल करावं लागतं.

बॅटरीचं म्हणशील तर सोपं निघालं. गयासने जुना सेल पट्ट्यांसकट उचलला, तसलाच नवा शोधून दिला. लाल तार कुठं होती आणि काळी कुठं, त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मी म्हटलं, सोल्डरचा डाग मीच देणार. सूड स्वतःच्या हाताने घेतला नाही तर तो लागत नाही. गयास म्हणाला, "दे, पर पट्टीला दे, सेलला जास्त चटका देऊ नको, फुगतो." मी पट्टीला दिला, सेलला दिला, आणि अंगठ्यालाही दिला. तिसऱ्या वेळी डाग धरला. झाकण लावलं, बटण दाबलं, आणि मशीन अशी गुरगुरली, की समोरच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला.

त्या आवाजात मी तुझी शिक्षा ठरवली. ती अशी. अंगणात खुर्ची. गळ्यात तोच टॉवेल. पुण्याच्या पार्लरमध्ये कोरून घेतलेली तुझी ती रेघेसारखी मिशी, आणि वर ते जेल लावून उभे केलेले केस. कंगवा नाही, कारण कंगवा तुझ्याच खिशात आहे. केसरबाई पायरीवर प्रेक्षक. एका गालावर नव्हे, संपूर्ण डोक्यावर, एका बैठकीत, न थांबता. सोमवारी ऑफिसात तुझे लोक विचारतील, "सर, घरी काही झालं का?" तेव्हा तू काय सांगशील, ते ऐकायला मी पुण्याला यायला तयार आहे.

हे सगळं गयासला ऐकवलं. त्याला मजा वाटेल असं वाटलं होतं. तो स्टूलवर बसून स्क्रू डबीत भरत राहिला आणि म्हणाला, "पंडत, वो तो तुम दोनों का वैसे भी बाकी था ना. बैसाख में."

तर आता तेही लिहितो.

वैशाखात तात्या गेले. आबांचा थोरला भाऊ, आपले कडुबातात्या. मला पाठशाळेत घालायला करमाडहून पायी तेच आले होते, खांद्यावर घोंगडी आणि घोंगडीच्या टोकाला माझी ट्रंक बांधलेली. गुरुजी म्हणाले, धनगराचं पोर संस्कृत काय शिकणार? तात्या म्हणाले, "तुमी शिकवा तर खरं. मेंढरं बी सांगितलेलं ऐकत्यात." त्या माणसाचं मरण आपण आबांपासून लपवलं.

आबा त्याच आठवड्यात स्टेंट बसवून घरी आले होते. डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसू देऊ नका. करमाडहून तात्यांच्या गोकुळचा फोन आला तेव्हा तू इथंच होतास. मला गच्चीवर नेलंस आणि म्हणालास, "दादा, आत्ता नको. महिनाभर जाऊ दे. मी येतो, दोघं मिळून सांगू." मला ते पटलं. ते चूक होतं असं मी अजूनही म्हणत नाही. पण तुझा तो महिना आषाढात गेला, श्रावणात गेला, पोळ्यालाही तू आला नाहीस. गणपतीत आलास तर म्हणालास, "सणाचं कशाला?" भाऊकीत कोणी गेलं की त्या वर्षी दिवाळी करत नाहीत. आबांना शंका येऊ नये म्हणून आपण ती पण केली. तुझी पोरं दारात फुलबाज्या उडवत होती, तेव्हा गोकुळच्या दारात पणतीसुद्धा नव्हती.

आणि कायगावचं आठव. दहाव्याला गोदेच्या काठावर भाऊकीतले सगळे पुरुष ओळीने न्हाव्यापुढं बसले, आणि आपण दोघे डोक्यावरचे केस आणि ओठावरच्या मिशा सांभाळत मागं उभे राहिलो. का, तर तसे घरी गेलो तर आबा बघतील. गोकुळ उठला, ओल्या डोक्यावरून हात फिरवत आपल्याजवळून गेला आणि म्हणाला, "पुतणे लई शिकलेले हायेत. त्यांना सुतक लागत नाय." तू मान खाली घातलीस. मी घातली नाही, कारण मी त्याच्याकडं बघतच राहिलो होतो. तेव्हापासून तो माझा फोन घेत नाही.

म्हणजे बघ, भाऊकीत एकच पुरुष असा उरला होता, ज्याने तात्यांसाठी सगळ्यांत आधी मिशी उतरवायला हवी होती. धाकटा सख्खा भाऊ. आणि तुझ्या मेलेल्या बॅटरीने ते काम करून टाकलं. विधी पार पडला, फक्त ज्याचा विधी त्याला सांगितलेलं नाही.

आता तू म्हणशील, आबांना काय कळणार. रामा, मी वर्गात मुलांना अनुमान शिकवतो. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं अग्नी आहे. आबा शाळेत गेले नाहीत, पण माणसाची मिशी गेली, म्हणजे त्याचं कोणीतरी गेलं, हे त्यांना शाळेत शिकावं लागत नाही. त्यांची मिशी आजवर एकदाच गेली होती, आजा गेला तेव्हा. तू गेल्यावर त्यांनी मला परत विचारलं, "तिंबक, कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी नाही. दुसऱ्या दिवशी ते फाटकात उभे असताना केसरबाईंनी त्यांना बघितलं आणि तासाभरात पिठलं-भाकरी घेऊन आल्या, दुःखाच्या घरी नेतात तशी झाकून. तुझ्या वहिनीला म्हणाल्या, "सांगितलं नाय वो कोणी आमाला. कोण वारलं?" तिने त्यांना कसंबसं समजावलं. इकडं आबांनी ते पिठलं पुढं ओढलं आणि खाली मान घालून सगळं खाल्लं. दिवाळीचा फराळ तसाच पडून होता.

आणि आता बॅटरीचं शेवटचं. रोज संध्याकाळी आबा म्हणतात, "कडुबाला फोन लाव." आधी मी सांगायचो, रेंज नाही. मग सांगायचो, ते रानात गेलेत. कारणं संपली तेव्हा सांगितलं, की तात्यांच्या मोबाइलची बॅटरी गेलीय आणि तसली बॅटरी आता मिळत नाही. हे कारण चांगलं टिकलं. श्रावणापासून त्यावरच चाललं होतं.

परवा मी गयासकडून आलो तो तोऱ्यात. आबांच्या खाटेशी जाऊन मशीन सुरू करून दाखवली. म्हटलं, "बघा आबा, दुकानदार म्हणत होते टाकून द्या. गयासने नवी बॅटरी बसवून दिली. आता दोन्ही गाल एकाच दिवशी."

आबांनी मशीन हातात घेतली, आवाज ऐकला, बंद केली. म्हणाले, "मंग कडुबाच्या फोनची बी घे की बसवून. गयास आपल्या घरचाच हाय."

माझ्या अंगठ्याला लागलेला चटका दुखत होता, त्याच्याकडं बघत राहिलो. आबा म्हणाले, "न्हाय तर राहू दे. चंपाषष्ठीला भेटंलच की साताऱ्याला."

तर ही माझी अडचण. चंपाषष्ठी २६ तारखेला आहे. इथल्याच, शहराजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला दोघे भाऊ दरवर्षी भेटतात, मिळून तळी उचलतात, एकमेकांच्या कपाळाला भंडारा लावतात. आबांनी तुझ्या वहिनीला आत्ताच सांगून ठेवलंय, धोतर धुऊन ठेव. तिथं अख्खी भाऊकी असणार. गोकुळ असणार, तात्यांशिवाय. आणि गोकुळ काही गप्प बसणारा नाही, बसावं तरी का त्याने?

म्हणून हा माझा खरा सूड आहे, नीट वाच. चंपाषष्ठीच्या आधी तू इथं यायचंस. एक दिवसासाठी नाही, राहायला. आबांच्या खाटेवर बसायचंस आणि तात्या गेल्याचं तुझ्या तोंडाने सांगायचंस. मी शेजारच्या खोलीत उभा राहीन आणि एक शब्द बोलणार नाही. महिनाभर जाऊ दे असं तू म्हणाला होतास. तुझा महिना आता संपला. त्यानंतर अंगणात खुर्ची. आधी तुझं डोकं, मग माझं. पुढच्या दिवाळीपर्यंत तुझ्या त्या ऑफिसातल्या लोकांना जे सांगायचं ते सांग.

सोमवारी शाळेतून येताना पत्र टाकतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सोमवारी टाकलं नाही. का टाकलं नाही ते लिहितो आणि मग टाकतो.

काल सकाळी अंगणात ऊन आलं तेव्हा आबांना खुर्चीत बसवलं आणि दाढी करायला घेतली. डावा गाल झाला, उजवा सुरू केला तर आबा म्हणाले, "आज दोनी बी?"

म्हटलं, "नवी बॅटरी आहे ना."

"थांबत न्हाय आता?"

"नाही थांबत."

वरच्या ओठावर पांढरे खुंट आले होते. मी म्हटलं, "मिशी राखू आबा? महिनाभरात येईल पहिल्यासारखी."

"नको," म्हणाले. "काढ."

मी मशीन धरून उभा राहिलो. ते म्हणाले, "काढ की. आन् डोक्यावरनं बी फिरव."

"थंडी पडलीय आबा. कशाला?"

"फिरव म्हंतो ना."

रामा, जुनी बॅटरी असती तर बरं झालं असतं. अर्ध्यात बंद पडली असती, मी म्हटलं असतं उद्या करू, आणि उद्याचं उद्या बघितलं असतं. पण ही थांबेना. मी माझ्या हाताने, इतक्या मेहनतीने तिला न थांबणारी करून आणली होती. मी आधी मिशी काढली, मग डोकं केलं. आबा डोळे मिटून बसले होते. कानामागं मशीन गेली तशी मान स्वतःच वाकवली. सगळं झाल्यावर खाली पडलेले केस त्यांनी स्वतः वेचले. मला हात लावू दिला नाही. धोतराच्या सोग्यात बांधले आणि आत गेले. आंघोळीला तुझ्या वहिनीने पाणी तापवलं होतं, ते म्हणाले, "गार दे."

गयासला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "पंडत, मामू को मालूम है. कब से मालूम है, वो पूछ मत." मी म्हटलं, कोणी सांगितलं असेल? तो म्हणाला, "किसी ने नहीं. भाई है उनका."

काल संध्याकाळी आबांनी फोन लाव म्हटलं नाही. आजही नाही. खोलीचं दार लोटून घेतलंय. जेवायला बाहेर येतात, माझ्याशी नीट बोलतात, शाळेचं विचारतात. तुझं विचारलं, रामू कवा येतो म्हणाले. ताटातलं निम्मं ठेवून उठतात.

वर जे लिहिलं आहे ते खोडत नाही. तुझ्यावरचा राग तसाच आहे, तो तुला मिळायला हवा, म्हणून पानं तशीच पाठवतो आहे. फक्त एक बदल. सांगायचं काम एकट्या तुझं नाही. मी शेजारच्या खोलीत उभा राहणार नाही.

कोणाचं माणूस गेलं की लोक येऊन जवळ बसतात. बोलायला काही नसलं तरी बसतात. आबांजवळ कोणी बसलेलं नाही, कारण त्यांचं कोणी गेलंच नाही असं आपण ठरवलं. त्यांना ते कधी कळलं, मला माहीत नाही. मिशी गेली तेव्हा, की त्याआधीच, मी रेंज नाही असं पहिल्यांदा म्हणालो तेव्हा? तसं असेल तर आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ते रोज मला फोन लाव म्हणत होते, आणि मी रोज त्यांना कारण देत होतो, आणि आम्ही दोघेही जेवायला बसत होतो.

मला भीती धक्क्याची वाटत नाही रे आता. माझ्या घरात, भिंतीपलीकडं, माझा बाप आपल्या भावासाठी एकटा रडत असेल, आणि आवाज माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून तोंडावर पांघरूण घेत असेल, याची वाटते. दारापर्यंत जातो. आत जायचं धाडस होत नाही.

ये. जमेल तेव्हा नाही, पत्र मिळेल त्या दिवशी निघ.

वाट बघणारा
तुझा दादा